अप्पा आणि साखर छाटलेलं प्रथिन

अप्पा डॉक्टर गेल्याची बातमी कळली तेव्हा मी काचेच्या नळ्या धूत होतो. तेच माझं काम. समोरचा ढीग संपवून मगच बसलो… महिना होत आला, पण अंगातला शीण काही उतरत नाही.

सहावीत शाळा सुटली आणि दुष्काळाच्या आदल्या वर्षी भंडाऱ्याहून सोलापूरला आलो. अप्पांनी प्रयोगशाळेत ठेवून घेतलं. काही फुटलं, सांडलं की कुणी विचारायच्या आत मीच म्हणायचो, “माझ्याकडून झालं.” नोकरीची धास्ती. कबूल केलं की माणसं लवकर निवळतात, एवढं मला कळलं होतं.

अप्पा इंटरफेरॉनवर काम करत. विषाणू शिरला की पेशी हे प्रथिन सोडून शेजारणींना सावध करतात. त्याला साखर चिकटलेली असते म्हणे. “चहातली?” मी विचारलं. “श्रीपूरच्या कारखान्यातली न्हवं रं,” अप्पा हसले. त्या साखरेचं टोक छाटलं तर काय होतं, ते त्यांना बघायचं होतं. काचेच्या बशीत छाटलेलं प्रथिन पहिल्यासारखंच काम करी. सशाला टोचलं, तर थोड्याच वेळानं रक्तात त्याचा मागमूस नाही.

सहायक बाईंनी विचारलं, “असं कसं होईल? सुखदेव, नळ्यांची अदलाबदल केलीस का रे?”

“हो बाई,” मी म्हणून गेलो.

अप्पांनी तीन महिन्यांचं काम बाद केलं. रागावले नाहीत, तेच सोसवेना. दोन दिवसांनी मीच त्यांना सांगितलं, नळ्या बदललेल्या नव्हत्या, भ्यालो होतो.

“आरं, तुज्या भीतीपायी मी खरं उत्तर फेकून दिलं की.”

पुन्हा प्रयोग मांडला. नळ्यांना चिठ्ठ्या मलाच लावायला सांगून ते समोर बसले. छाटलेलं टोचलेल्या सशाचं रक्त पुन्हा रिकामंच. “बघ, टोक हाय तवर यकृत त्याला धरत न्हाय. छाटलं की गिळतंय. प्रथिन तेच, पर अंगात टिकत न्हाय.” मग हळूच म्हणाले, “तुजी नसलेली चूक घेऊ नगंस. माजं काम खोटं पडतंय.”

परवा नव्या साहेबांना अप्पांची खोली उघडून दिली. टेबलावरचं भिंग तडकलेलं. “हे कुणी केलं?” जुनं उत्तर ओठांवर आलंच होतं…

“मी नाही, साहेब,” म्हणालो. आणि अप्पांच्या खोलीतून हललो नाही.