दोन आखूड, एक लांब

“तार तोडू नको. तुना बाप बोली राह्यना,” आई मागच्या सीटवरून ओरडत होती, आणि गाडीचा हॉर्न तिच्यापेक्षा मोठ्याने ओरडत होता.

हॉर्नला कुणी हात लावला नव्हता. भर दुपारी सोनगीरच्या अलीकडे बोनेट उघडून मी उभा, आणि तो आपला एका दमात बोंबलतोय. त्या आवाजाने सोनगीरच्या किल्ल्याचे दोन दगड घरंगळले, आणि तिकडे फैजपूरला केळीचे घड वेळेआधी पिकले, हे मी कुठेही शपथेवर सांगेन.

गाडी आबांची. आबा म्हणजे माझे वडील. त्यांचं वर्षश्राद्धही अजून व्हायचं होतं. ते गावच्या फाट्यावर वळले की हॉर्न द्यायचे, दोन आखूड, एक लांब. तो ऐकून आई तव्यावर भाकरी टाकायची. ते गेल्यावरही रस्त्याने कुणाचा तसा हॉर्न आला की ती पीठ मळायला उठायची. ती भाकरी ताटात गार होत राहायची.

धुळ्याच्या गॅरेजवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, बॅटरीची तार काढा, गाडी टोचन करून आणा, जुनं वायरिंग फेकून नवं टाकतो. एवढ्या गोंगाटात आईला ‘फेकून’ तेवढं बरोबर ऐकू आलं. ती खाली उतरली आणि मडगार्डवर हात ठेवून उभी राहिली. परक्याने हात लावायचा नाही, म्हणाली. तार बदलली तर ते परत बोलायचे नाहीत.

मग उरलो मी. मला गाडीतलं एवढंच कळतं की पेट्रोल कुठून टाकतात. तरी वाकलो. हॉर्नच्या तारेला आबांनी कधीतरी जोड दिला होता. जोडावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली, वर सुतळीची गाठ, बैलाचं दावं बांधतात तीच. पट्टी झिजून तार पत्र्याला टेकत होती. भुताचं भांडवल एवढंच. पण पट्टीवर ग्रीसमध्ये आबांच्या अंगठ्याचा ठसा उमटलेला होता.

ती गाठ ओढली की आवळते, उलटी ढकलली की सुटते. मला हे कुणी शिकवलं नव्हतं. बोटांनी आपसूक ढकलली आणि तार पत्र्यापासून सुटली.

हॉर्न थांबला. इतकं सामसूम झालं की हायवेवरचे ट्रक चवड्यांवर चालल्यासारखे वाटले. मी कुणाच्या तोंडावर हात दाबून धरलाय, अशा नजरेने आई माझ्याकडे बघत होती.

शेवेची रिकामी प्लास्टिकची पिशवी फाडून मी जोडावर गुंडाळली. वरून आबांचीच पट्टी, त्यांचीच सुतळी, तीच गाठ. आता वाजेल का, आईने विचारलं. दाबला की वाजेल, मी म्हणालो. ती परत मागच्या सीटवर जाऊन बसली.

फाट्यावर वळलो आणि मी हॉर्न दिला. दोन आखूड, एक लांब. शेवटचा तर आबांसारखाच जरा जास्त रेंगाळवला. इतका हुबेहूब की माझीच मान मागे वळली.

आई खिडकीबाहेर बघत होती.

“हाऊ तुना हात शे, तुना बापना नही,” ती म्हणाली.