तेलाच्या बाटलीतल्या माद्या

संशोधन संस्थेत तिला सगळे माशीबाई म्हणत. काम माश्या पाळण्याचं. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट एकत्र शिजवून बाटल्यांच्या तळाशी ओतायचं, वर फळमाश्या सोडायच्या आणि कापसाचं बूच लावायचं. मग गॅसने झोपवून कुंचल्याने नर वेगळे, माद्या वेगळ्या. ऐकायला सोपं आहे, करून बघा. मान धरते, डोळ्यांना पाणी येतं आणि हात जरा हलला की माशीचा पंख गेलाच. तिचा हात हलत नसे. नको असलेल्या माश्या ती तेलाच्या बाटलीत झटकायची. त्या बुडून मरायच्या.

घरी मात्र पाळणा हलला नव्हता.

"माश्यांची बाळंतपणं करते, स्वतःचं काय?" सासूबाई म्हणायच्या. डॉक्टरांना तिच्यात दोष सापडला नव्हता. त्यावरही उत्तर तयार होतं. "सापडला नाही म्हणजे खोल असेल." वर्ष संपेपर्यंत वाट बघायची, नाहीतर सोडचिठ्ठी देऊन दुसरी आणायची, हे त्यांनी तिच्यादेखत ठरवून टाकलं. नवरा वेल्डर. ठिणग्यांना न भिणारा माणूस ताटाकडे बघत बसला.

त्याच सुमारास तिच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी नवा प्रयोग लावला. दोन प्रकारचे नर होते. प्रत्येक नराला वेगळी बाटली आणि सोबत दोन-तीन माद्या. एका प्रकारच्या बाटल्यांत अळ्या वळवळू लागल्या. दुसऱ्या प्रकारच्या बाटल्यांत अंडी पडली, पण एकही फुटेना.

माशीबाईला वाटलं, आपण माद्या खराब निवडल्या. तिने त्या तेलात झटकल्या आणि नव्या घातल्या. नव्या माद्या नराशी गाठ पडायच्या आत, कोशातून निघाल्या निघाल्या उचलाव्या लागतात. ती पहाटे येऊन उचलायची, जेवायची सुट्टी सोडायची. बाटल्या रिकाम्याच. पुन्हा तेल, पुन्हा नव्या माद्या. शेवटी मॅडमनीच पकडलं.

"माद्या कुणी बदलल्या?"

"मीच. वांझ निघाल्या ना."

"तुला कुणी सांगितलं वांझ आहेत म्हणून?"

"बाटली रिकामी होती, मॅडम."

मॅडम हसल्या, अगदी डोळे पुसेपर्यंत. मग म्हणाल्या, "अगं बाई, माद्या धडधाकट होत्या. खोट नरांत आहे, आणि ती मीच केलीय. डीएनएमध्ये काही ठिकाणी तीच तीच अक्षरं हजारदा येतात. त्यातून प्रथिन बनत नाही, म्हणून लोक त्याला कचरा म्हणायचे. पण त्या कचऱ्यावरून आरएनए निघतो. या नरांत तो मी बंद पाडलाय. तो नसला की शुक्रजंतूंत डीएनए नीट घट्ट बांधला जात नाही. नर उडतो, नाचतो, मादीवर चढतो. बी मात्र पोकळ."

"वरून दिसत नाही?"

"काही दिसत नाही."

त्या दिवशी जेवताना माशीबाई पहिल्यांदा तोंड वर करून बोलली. "यांनाही तपासा. नरात खोट असली तरी वरून दिसत नाही. मी रोज बघते."

नवऱ्याचा घास हातातच राहिला. त्याला वाटलं, आई चिडेल. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "जा रे, तपासून ये. एकदाचं हिचं तोंड बंद होऊ दे."

तो गेला. रिपोर्ट आला. सगळं ठीक होतं.

"काय गं, माश्या खोटं बोलल्या?" सासूबाईंनी विचारलं.

"पण डॉक्टर म्हणाले ना, माझ्यातही दोष नाही."

"मग कुणात आहे? भिंतीत?"

आता नवराही हसला. इतकी वर्षं गप्प राहिलेला माणूस म्हणाला, "मला माशीच्या रांगेत बसवलंस. आता वर्षअखेरीची वाट कशाला बघायची?" तिची पेटी त्यानेच खाली आणून ठेवली. भावाच्या घरी वहिनीने दार उघडलं, आधी पेटीकडे बघितलं आणि मग तिच्याकडे.

दुसऱ्या दिवशी तिने मॅडमना सांगितलं. मॅडम सूक्ष्मदर्शकावरून मान वर न करता म्हणाल्या, "अगं, माशी ती माशी. माणसात शंभर कारणं असतात, कधी कधी तर सापडतही नाहीत. मला आधी विचारायचंस ना." मग म्हणाल्या, "प्रयोग संपला. रिकाम्या बाटल्यांतल्या माद्या टाकून दे."

"धडधाकट आहेत, मॅडम."

"असू दे. ठेवून काय करायच्या?"

माशीबाईने गॅस सोडला. माद्या आडव्या झाल्या. तिने एकेक उचलून तेलात झटकली. हात हलला नाही.