बाराव्या घराची सही

बाराव्या घराची सही अडली होती आणि अकोल्याच्या ऑफिसातून साहेबांचा सकाळपासून तिसरा फोन होता.

"अकरा झाल्या ना? मग एकासाठी काय लग्नाची बोलणी चाललीत का?"

"करते सर," म्हटलं आणि फोन पर्समध्ये कोंबला. सही कोण देत नाही हे मला माहीत होतं. काहून देत नाही, हेही माहीत होतं. त्याचाच तर राग येत होता.

मोडकळीला आलेल्या वस्त्या सुधारायच्या, हे माझं काम. गरिबाच्या ऐपतीत पक्कं घर बसत नाही आणि एकटी बँक अशा गल्लीत पाय ठेवत नाही. म्हणून सरकारी अनुदान, बँकेचं कर्ज, एखाद्या कंपनीची देणगी आणि रहिवाशांचा थोडा हिस्सा, सगळं एकाच भांड्यात ओततात. देवळातल्या भंडाऱ्याला जो तो आपापला शिधा आणतो, तसंच. याला आम्ही पूल फंड म्हणतो. अट अशी की पूर्ण ओळ सामील हवी, कारण भिंती सामायिक असतात आणि नाली एकच. एक घर बाहेर राहिलं तर कोणालाच काही मिळत नाही. वर एकतीस मार्चपूर्वी काम सुरू झालं नाही तर पैसा परत.

अमरावतीतली ही ओळ भाजी-फुलं विकणाऱ्या माळ्यांची. बाराव्या घरात सुखदेवकाका आणि सुभद्राकाकू, दोघंच. काकू वर्षभर अंथरुणाला खिळलेल्या. डॉक्टरांनी हात टेकले होते. काम सुरू असताना सगळ्यांना भाड्याच्या खोल्यांत जावं लागणार होतं आणि काकूंचं एकच म्हणणं होतं, मरण आपल्या घरात यावं.

"म्या नाही कुठं म्हनलं म्याडम?" काका म्हणाले. "थांबा म्हनलं फक्त. थोडेच दिवस रायले तिचे. तिले या दारातूनच जाऊ द्या, मंग तुमी म्हनसान तिथं अंगठा देतो."

काकू आतून माझ्याकडे पाहत होत्या. मी नजर फाईलमध्ये घातली. मार्च लागायला आठवडा उरला होता. कोणाच्या मरणाची वाट पाहत बसायचं, हे साहेबांना फोनवर कसं सांगणार?

मग मी आमच्या धंद्यातली नेहमीची युक्ती केली. अधिकाऱ्यानं जोर करायचा नाही, शेजाऱ्यांनाच करू द्यायचा. ट्रेनिंगमध्ये याला 'गटाचा रेटा' म्हणतात. सार्वजनिक नळाजवळ मोठा कागद चिकटवला. बारा नावं. अकरांपुढे हिरवी खूण. सुखदेवकाकांपुढे कोरं.

दुसऱ्या दिवशी मी नळाशीच उभी होते. शेजारच्या घरातली शोभाताई, भाजीची गाडी लावणारी, काकांना सगळ्यांदेखत म्हणाली, "काका, तुमच्यापायी आमी सारे अटकून राहिलो ना! माह्या घरात नालीचं पानी शिरते. तुमाले काय त्याचं?"

काकांनी नळ बंद केला. बादली घेऊन गेले. मला वाटलं, चला, रेटा लागला. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं मला.

पाचव्या दिवशी काकांचाच फोन आला. "या म्याडम. कागद घेऊन या."

मी गेले. त्यांनी विचारलंसुद्धा नाही कुठं करायची सही. मीच बोट दाखवलं. मग म्हणाले, "शोभा रोज सकाळी येत जाय. तिले उचलाले, आंग पुसाले. चार दिवस झाले, येत नाही. एकट्यानं उचलनं होत नाही मले. काल पाडलं म्या तिले."

पाडलं म्हणजे हातातून पडल्या काकू. कपाळावर जखम होती, त्यावर हळद दाबलेली. मी "डॉक्टरला बोलावू का" असं काहीतरी पुटपुटले. सहीचा कागद मात्र आधी घडी करून ठेवला. ते हात माझेच होते.

आठवड्यात ओळ रिकामी झाली. जेसीबीनं दीड दिवसात बाराही घरं आडवी केली. साहेब खूश. "बघा, मनावर घेतलं की होतं!"

भाड्याच्या खोलीत नवव्या दिवशी काकू गेल्या. घरमालक दारातच उभा. मयत आत ठेवू नका, तेरवी इथं करू नका, आम्हाला घर चालवायचंय. त्याचंही काय चुकलं म्हणा. शेवटी काकांनी काकूंना पाडलेल्या घरावर नेलं. विटांच्या ढिगाशेजारी जागा साफ केली आणि तिथं तिरडी बांधली. दार नव्हतंच. पूर्वी उंबरठा जिथं होता, तिथून त्यांनी तिरडी बाहेर काढायला लावली.

सारी ओळ आली होती. शोभाताई भाकर-पिठलं घेऊन आली, दुःखाच्या घरचा कडू घास. ते भांडं धरून ती ऊर फुटेस्तोवर रडत होती. मी रस्त्याच्या पलीकडे उभी होते. जवळ जायची हिंमतच झाली नाही.

एकतीस मार्चला दुपारी मेल आला. फंडाला सहा महिन्यांची मुदतवाढ. येते बहुतेक दरवर्षी. मलाही ते ठाऊक होतंच की.

दिवाळीआधी चाव्या वाटल्या. ओळ छान झाली, बाहेरगावचे अधिकारी पाहायला येतात. काकांनी चावी घेतली, खिशात टाकली आणि विचारलं, "म्याडम, ते एकतीस मार्चची तारीख कोन ठरोते?"

"आम्हीच," मी म्हटलं.

ते मान हलवून नांदगाव खंडेश्वरला लेकीकडे निघून गेले. घराला कुलूप आहे.

आता सर्व्हेच्या फॉर्ममध्ये मी एक रकाना घातलाय: घरात हलवता न येणारं माणूस आहे काय? असल्यास किती दिवस थांबावं? साहेब म्हणाले, "अहो, असा रकाना ठेवला तर सगळेच खोटं लिहितील."

अजून तरी कोणी खोटं लिहिलेलं नाही.