आधी करून दाखव

हातात घेऊन, चाखून, वाकवून पाहिल्याशिवाय माझ्या आत्यानं या जगातली एकही गोष्ट मान्य केलेली नाही. भाजे गावची ही माउली लोणावळ्याच्या बाजारात उतरली की दुकानदार हवालदिल होतात. छत्री घ्यायची तर आधी ती नळाखाली धरणार. खाट घ्यायची तर भर दुकानात तिच्यावर आडवी होऊन दोन्ही कुशींवर वळून बघणार. माझ्यासाठी मुलगी बघायला गेलो, तर हिनं मुलीच्या आईच्या पोह्यांना मुद्दाम नावं ठेवली. का, तर म्हणे, "मान्सं चिडत्यात कशी त्ये बगाया नगं व्हय?" तरी लग्न जमलं, हे माझं नशीब.

अशा बाईचं हृदय दमलं आणि तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. तिला मूलबाळ नाही, मला तिनंच वाढवलं, त्यामुळे सोबत मीच. तरुण डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून बसल्या. "आजी, समजा हृदय थांबलंच, तर छाती दाबून ते पुन्हा सुरू करायचा प्रयत्न करायचा का? मशीनवर ठेवायचं का? तुमची इच्छा काय?"

"आदी करून दाखव," आत्या म्हणाली.

मी शरमेनं अर्धा झालो. पण त्या गुणी मुलीनं खरंच उशी आडवी ठेवून दाबून दाखवली. आत्या चष्मा लावून बघत होती.

"एवड्या जोरात? बरगड्या ऱ्हातील का?"

"या वयात मोडू शकतात."

"आन् उटल्यावर चुलीपाशी जाईन का मी?"

"बहुतेक नाही, आजी. हृदय फार थकलंय."

"मग नगं. माल पसंत न्हाई."

डॉक्टरीणबाई लिहायला लागल्या, तेवढ्यात आत्यानं माझ्याकडे पाहिलं. "तुला चालंल का रं?"

आता काय सांगू? तिचं म्हणणं पटत होतं, आणि अजिबात पटत नव्हतं. हो म्हणावं तर मीच तिला जा म्हटल्यासारखं. नाही म्हणावं तर तिच्या बरगड्या मोडायला मीच सांगितलं. तोंडातून "अगं, पण..." एवढंच निघालं.

"थांब गं पोरी, लिवू नगंस," ती म्हणाली. "ह्येचं ठरलं की लिव."

आता ती घरी आहे. दर तपासणीला डॉक्टरीणबाई तो विषय काढतात आणि आत्या "फुडल्या खेपंला" म्हणून टाळते. मला एका शब्दानं विचारत नाही. तोवर हृदय थांबलं, तर कागदावर नकार नाही म्हणून नको असलेलं सगळं आपल्या वाट्याला येणार, हे तिला पक्कं ठाऊक आहे. माझ्यासाठी तेवढं सोसायला ती तयार आहे, आणि मला अजून साधं 'हो' म्हणता येत नाही.