अप्पांच्या अंत्ययात्रेची धून

आमची पलटण तेव्हा उत्तरेत, सरहद्दीवरच्या डोंगरात होती. मी हवालदार. पलटणीच्या ब्रास बँडमध्ये कॉर्नेट वाजवायचो. गाव नांदेड जिल्ह्यातलं, उमरीजवळ. बँडमध्ये होतो म्हटलं की इकडची माणसं गालात हसतात. त्यांना वाटतं, यांनी पंधरा ऑगस्टला वाजवायचं आणि उरलेलं वर्ष पितळ घासायचं. पितळ घासायचो हे खरं आहे. पण पलटण मोर्चावर गेली की वाद्यं स्टोअरमध्ये जमा होतात आणि बँडवाले स्ट्रेचर उचलतात. जखमीला खाली आणणं हे आमचं काम. एवढं सांगितलं की हसणं थांबतं.

स्ट्रेचरच्या ट्रेनिंगमध्ये आम्हाला सगळ्यात जड गेलं ते कदम न मिळवता चालणं. चौघं एका कदमात चालले की स्ट्रेचर झोपाळ्यासारखं हलतं आणि जखमीचे हाल होतात. सगळी नोकरी कदम मिळवण्यात गेलेल्या माणसांनी मुद्दाम बेताल चालायचं होतं. नाईक संगमेश्वरला ते पहिल्याच दिवशी जमलं. लहानपणी गावच्या बँडमागं चाललोय, तिथं ताल कुणाचा कुणाला मिळतो, असं त्याचं म्हणणं.

संगमेश्वरला आम्ही संगू म्हणायचो. उदगीरकडच्या लिंगायत शेतकऱ्याचा मुलगा. युफोनियम वाजवायचा, म्हणजे ते मांडीवर घेऊन वाजवायचं भरल्या आवाजाचं वाद्य. पण त्याचं खरं डोकं चालायचं अरेंजमेंटमध्ये. एखादी चाल आवडली की कॉर्नेटला काय द्यायचं, ट्रॉम्बोनला काय, बेसला काय, हे वाटून तो कागदावर मांडायचा. आपल्याकडचे लग्नाचे बँड सगळं कानावर शिकतात. जुना वादक सोडून गेला की त्याचा पार्टही त्याच्यासोबत जातो. पेन्शन आल्यावर लातूरला खोली घ्यायची आणि मराठवाड्यातल्या बँडसाठी छापील नोट्स काढायच्या, हा संगूचा बेत होता. वर स्टाफ नोटेशन, खाली सारेगम, त्याखाली कुठली कळ दाबायची त्याचे आकडे. मी त्यात भागीदार होतो. तसं त्यानं मला विचारलं नव्हतं, परस्पर ठरवून टाकलं होतं.

नोट्सचा पहिला सेट त्यानं सुट्टीवर असताना लातूरला छापून घेतला. कसला, तर स्वतःच्या वडिलांच्या अंत्ययात्रेचा. आणि वडील तर चांगले जिवंत. ऐकून मी उडालोच. संगू चहा पीत शांतपणे सांगत होता. अप्पांना दम्याचा त्रास. लिंगायतांत गेलेल्या माणसाला विमानात, म्हणजे सजवलेल्या पालखीत बसवून, खांद्यावरून वाजतगाजत नेतात आणि बसलेलाच पुरतात. गावातल्या एका यात्रेत बँडवाल्यांनी सिनेमाची गाणी वाजवली, ते अप्पांच्या मनाला फार लागलं. माझ्या वेळी हे चालणार नाही, माझ्यासाठी तू बांध, असं त्यांनी पोराला बजावलं. संगूनं घरात म्हटल्या जाणाऱ्या शिवभजनाच्या चालीवर धून बांधली, पार्ट छापले आणि गावच्या रऊफभाईंच्या बँडला नेऊन दिले.

रऊफभाईंनी तालीम घेतली ती अप्पांच्या दारातच. आईचा पारा चढला. जित्या माणसाची कसली तालीम म्हणून तिनं दिवसभर कुणाशी बोलणं ठेवलं नाही. अप्पा मात्र अंगणात खुर्ची टाकून ऐकत बसले आणि शेवटी म्हणाले, लई संथ झालं, खांदेकरी दमतील. संगूनं धून फौजेच्या स्लो मार्चच्या लयीत बांधली होती. ती लय त्यानं वाढवली आणि सगळे पार्ट पुन्हा छापले. हे ऐकून आम्ही बॅरकमध्ये पोट धरून हसलो होतो.

सुट्टीवरून तो परतल्यावर थोड्याच दिवसांत पलीकडून गोळे पडू लागले. त्या दुपारी आम्ही जेवणाच्या लाइनीत होतो. वरच्या पोस्टवर एक जवान जखमी झाला होता. वायरलेसवर हुकूम आला.

"स्ट्रेचर पार्टी, मूव्ह. एक कॅज्युअल्टी. ओव्हर."

"मूव्हिंग. ओव्हर."

आम्ही चौघं गेलो. जवानाच्या मांडीत स्प्लिंटर होता. पट्टी बांधून त्याला उचललं आणि उताराला लागलो. संगू पुढं डावीकडे, मी त्याच्या मागं. गोळा डाव्या अंगाला पडला. त्याचा आवाज मला आठवत नाही. धूळ आठवते, आणि स्ट्रेचर पुढून कललं ते आठवतं. मी ओरडलो, "संगू, उचल." तो गुडघ्यावर होता आणि हात हँडलवर तसाच होता. मला वाटलं पाय घसरला. मी पुन्हा ओरडलो, रागानं. मग त्याची पाठ दिसली.

थांबायचं नाही ही ऑर्डर होती, म्हणून थांबलो नाही. त्याची बोटं हँडलवरून मी सोडवली. तिघांनी जवानाला खाली एड पोस्टवर पोचवलं. तो जवान आज ठीक आहे, त्याला नातू झाला. खाली येईपर्यंत वायरलेस सेटवर विचारणा सुरू झाली होती.

"सेकंड कॅज्युअल्टी का नाम बताओ. ओव्हर."

मी सेट हातात घेतला आणि आर्मी नंबर सांगितला. पलीकडून दोनदा नाव विचारलं, दोनदा मी नंबरच सांगितला. मग एड पोस्टवरचा एक जण सोबत घेऊन आम्ही परत वर गेलो आणि संगूला आणलं. त्या वेळी चौघांचा कदम मिळाला होता आणि तो तोडायचं कुणालाच सुचलं नाही.

पार्थिवासोबत मला आणि खांदा द्यायला जवानांची एक पार्टी पाठवली. कॉफिन उघडायचं नाही, असा डॉक्टरांचा सक्त सल्ला होता. गावात पोचलो तर वेशीवर रऊफभाईंचा बँड उभा. वाद्यांवर छापील पार्ट चिमट्यानं लावलेले. ते कागद मी लगेच ओळखले. रऊफभाईंनी मला बाजूला घेतलं.

"साहेब, मातीला वाजवावं असं आमच्यापाशी एकच तयार हाय. ते अप्पांचं हाय. बापाचं लेकाला कसं वाजवू?"

सगळी भावकी विमान सजवून बसली होती आणि पेटी उघडायची नाही हे त्यांना अजून कुणी सांगितलंच नव्हतं. ते मला सांगावं लागलं. अप्पा काठी टेकत पेटीजवळ आले. त्यांनी पेटीवर हात फिरवला.

"बसवता येणार न्हाई म्हणता?"

"नाही अप्पा."

मग अप्पा रऊफभाईंकडं वळले.

"मंग तेवढं तरी वाजू द्या. माझंच वाजवा त्याला."

आमची पार्टी स्लो मार्चच्या तयारीत होती. धून त्याहून जलद. पुढच्या लान्स नाईकनं गोंधळून माझ्याकडं पाहिलं. धुनेवर चला, असं मी हळूच सांगितलं. रऊफभाईंच्या माणसांनी एकही सूर चुकवला नाही. अप्पा पेटीमागं चालत होते आणि त्यांचा हात काठीवर ताल देत होता. मी फौजेत बरंच बघितलं, पण ते मला बघवलं नाही.

पेन्शनवर आल्यावर मी लातूरला खोली घेतली. मुरुड, किल्लारी, उमरी, सगळीकडच्या बँडकडे आता आमचे सेट आहेत. एक विकत घेतात आणि झेरॉक्स काढून चौघांत वाटतात. मी फोनवर ओरडतो, ते हो हो म्हणतात, पुन्हा तेच करतात. त्या धुनेची मागणी सगळ्यात जास्त होती, पण ती मला छापवेना. शेवटी अप्पांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, छापा, कुणाच्या तरी कामी येईल. फक्त वरचं माझं नाव काढा आणि त्याचं घाला. तशी ती छापली.

अप्पा मागच्या वर्षी गेले. दम्यानंच. निरोप मिळाला तसा मी कॉर्नेट घेऊन निघालो. दारात रऊफभाई आणि त्यांची सगळी माणसं होती, पण एकाच्याही हातात वाद्य नव्हतं. अप्पांनी जायच्या आधी त्यांना बोलावून सांगितलं होतं.

"माझ्यामागं बँड नको. माझा बँड मी लेकाला दिला."

वाजवणारे सगळे खांदेकरी झाले. मीही खांदा दिला. भजन म्हणत गेलो. शेतात संगूच्या शेजारी जागा ठेवली होती. त्या शेतात त्यांच्या घरातली सगळी माणसं रिवाजाप्रमाणे बसलेली आहेत. अप्पांनाही बसवलं, विभूती लावली, माती दिली. नाईक संगमेश्वर तेवढा एकटा आडवा आहे.