डोंगरवाल्या बायांचा ओटा

बीडला आमचं बिऱ्हाड झालं तेव्हा मी सोळा वर्षांची होते. माहेर धारूरच्या डोंगरात, सासर अंबाजोगाईला. हे कचेरीत कारकून लागले म्हणून आम्ही दोघंच इथे आलो. बाजार हेच आणायचे. चांगल्या घरची बाई बाजारात फिरत नाही, असं सासूबाईंनी निघताना बजावलं होतं आणि मलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

पावसाळा सरता सरता यांना हिवतापानं धरलं. अंगावर दोन वाकळा टाकल्या तरी दात वाजायचे. घरात पीठ होतं, डाळ होती, पण आठ दिवसांत हिरवं पान आलं नव्हतं, आणि हकिमांनी तर पालेभाजीचं पातळ द्यायला सांगितलेलं. नव्या गावात सांगायचं कुणाला? शेवटी बाजाराच्या दिवशी पदर कपाळापर्यंत ओढला, पिशवी काखेत दडवली आणि बिंदुसरा नदीच्या वाळवंटात भरणाऱ्या बाजारात गेले.

तिथे गेल्यावर मात्र पाय हलेना. गुळाच्या ढेपांवर माश्या घोंघावत होत्या, बागवान पेरूंवर पाणी शिंपडत ओरडत होते, लोक ज्वारीच्या पोत्यात हात घालून दाणे दातांखाली फोडून बघत होते. सगळ्यांना आपलं काय घ्यायचं ते ठाऊक होतं. मी एका जागी उभी राहिले ती राहिलेच.

"उन्हात कशाला उभी हायेस, माय?" खालून आवाज आला. "ये, बस इथं."

एक म्हातारी होती. पुढ्यात फडक्यावर तांदुळजा, घोळ आणि टोपलीभर सीताफळं. बोलणं अगदी आमच्या डोंगराकडचं. तेवढ्यानंच माझे डोळे भरून आले. घरी ताप आहे एवढं कसंबसं सांगितलं. तिनं तांदुळज्याच्या दोन जुड्या माझ्या पिशवीत घातल्या.

"ह्यो दे शिजवून. हलका असतो. आन् सीताफळ आत्ता देऊ नकोस त्यास्नी, तू खा. असं डोळे उघडलेलं घ्यायचं. दाबून बघू नये, नुसतं बघायचं."

हे आठवड्याभरात उठून बसले, पंधरा दिवसांत कचेरीत जाऊ लागले. म्हणाले, "आता बाजार मी आणीन." मी म्हणाले, "राहू द्या, मीच जाईन." यांनी माझ्याकडे जरा पाहिलं, पण नको म्हणाले नाहीत. सासूबाईंना मात्र आम्ही दोघांनीही कळू दिलं नाही.

अशी दोन वर्षं गेली. म्हातारी डोंगरातल्या वाडीवरून सहा-सात बायांबरोबर पहाटे निघायची आणि दिवस वर यायला बाजारात पोचायची. थंडीत बोरं, उन्हाळ्यात करवंदं आणि चारोळी, पावसाळ्यात करटुली. तिच्याजवळ बसून मी माणसांशी बोलायला शिकले, असं म्हटलं तरी चालेल.

मग सरकारनं मंडई बांधली. दगडी भिंती, वर पत्रा, कमानीची दारं आणि आत दोन्ही बाजूंना घडीव दगडाचे ओटे. लग्नाचा मांडव बघायला जावं तशी माणसं बघायला गेली. आत गारवा होता, पाण्याचा हौद होता. वाळवंटातला बाजार बंद झाला. रोजच्या माळणींना आणि बागवानांना ओटे मिळाले. डोंगरच्या बाया आठवड्यातून एकदा येणार, त्यांचं नाव कुठल्याच वहीत नव्हतं. त्या दाराबाहेर रस्त्याकडेला बसू लागल्या. उन्हाळ्यात दुपारपर्यंत त्यांची भाजी मान टाकायची. म्हातारी ओलं फडकं भाजीवर घालायची, स्वतःच्या डोक्यावर काही घेत नसे.

मी यांना म्हणाले, "तिच्यासाठी एक अर्ज लिहा."

"मी कचेरीतलाच माणूस. माझं अक्षर ओळखतील."

"मग काय बोलायचं ते मला सांगा."

हे हसले, पण सांगितलं. मंडईवर देखरेख ठेवणारे साहेब पाहणीला आले, त्या दिवशी मी दारातच थांबले. ते वयस्क मुसलमान गृहस्थ होते, पांढरी दाढी, बोलणं सावकाश. पाठ केलेलं सगळं मी विसरले.

"साहेब, ती म्हातारी उन्हात बसते. आत जागा आहे."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "बीबी, ही तुमची कोण?"

"माहेरची," मी म्हणाले. तोंडातून तसंच निघालं.

त्यांनी आणखी काही विचारलं नाही. भिंतीकडचा शेवटचा ओटा रिकामा होता, तो तिच्या नावे करायला मंडईच्या कारकुनाला सांगितलं. घरी येईपर्यंत माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

दोन बाजार ती आत बसली. तिसऱ्या बाजाराला गेले तर ओट्यावर दुसरीच बाई, मांडीवर दीड महिन्याचं पोर घेऊन. म्हातारी बाहेर, पुन्हा उन्हात.

मला राग आला. "एवढं करून दिलं आणि तुम्ही उठून बाहेर आलात?"

"बस आधी," ती म्हणाली. मी बसले नाही. ती भाजीवरचं ओलं फडकं सारखं करत म्हणाली, "आत लई गार हाय, माय. पर समद्या बाया भायेर आन् मी एकटीच सावलीला, मला तितं भाकर गिळंना. पहाटं एकमेकीचा हात धरून घाट उतरतो आमी. तिचं पोर तापलंय उन्हानं. तिला बसू दे."

मी तशीच घरी आले. रात्री जेवताना यांना सांगितलं तेव्हा हे म्हणाले, "तू तिला ओटा दिलास ना? मग त्याचं काय करायचं ते तिला ठरवू दे." ते मला पटायला दोन दिवस लागले. पुढच्या बाजारी गेले आणि तिच्याजवळ खाली बसले. तिनं झालेल्या गोष्टीचा विषयही काढला नाही.

त्या उन्हाळ्यात त्या बायांनी ओट्यावर बसायची आळीपाळी ठरवली. कुणाला बरं नसलं, कुणी पोटुशी असली, की ती आत. साहेब पुन्हा आले तेव्हा ओट्यावर तिसराच चेहरा होता. कारकून वही उघडून तक्रारीच्या सुरात म्हणाला, "साहेब, इथे नाव एकीचं आहे आणि दर बाजारी वेगळी बाई बसते."

म्हातारी आत आली. हात जोडून तिनं जे होतं ते सांगितलं, काहीही झाकलं नाही. मी कमानीपाशी उभी होते. साहेबांनी दाढीवरून हात फिरवला आणि मला विचारलं, "बीबी, या सगळ्या तुमच्या माहेरच्याच का?"

"हो," मी म्हणाले.

त्यांनी वही मागून घेतली, म्हातारीचं नाव खोडलं आणि तिथे उर्दूत, म्हणजे सरकारी भाषेत, काहीतरी लिहिलं. मला ती लिपी येत नव्हती. संध्याकाळी यांनी मंडईच्या कारकुनाकडून माहिती काढून आणली. तिथे लिहिलं होतं, 'डोंगरवाल्या बाया.'