वावडे, बावडी आणि मी

आमच्या घराण्यातले कोणीही पतंग उडवताना विहिरीत पडलेले नाही. हे निक्षून लिहून ठेवतो, कारण माझा मुलगा इथल्या, जयपूरच्या खातीपुऱ्यातल्या शेजाऱ्यांनाही सांगत असतो, की आमचे खापरपणजोबा पतंगामागे धावताना बावडीत पडून गेले, म्हणून आमच्या कुळाला पतंगाचे 'वावडे' आणि तो शब्दही 'बावडी'वरूनच आलेला.

साफ चूक. बावडी म्हणजे पायऱ्यांची विहीर. तो शब्द संस्कृत 'वापी'पासूनचा. वावडे म्हणजे न मानवणारी गोष्ट: कोणाच्या प्रकृतीला वांगे, कोणाच्या घराण्याला काळी साडी. त्याची व्युत्पत्ती मलाही छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण ती बावडीत नाही. आमच्या साताऱ्याकडच्या गावात साधी विहीर होती, तीही गच्च्यांपासून कोसभर दूर शेतात.

मग ही कथा आली कुठून? यंदाच्या संक्रांतीला नातीने तेच विचारले. शेजारच्या गच्च्यांवरून, कोणाचा पतंग कापला की, "वो काटा!" असा ओरडा चालला होता. मुलाने तिला हातातल्या पतंगासह खालीच अडवले होते.

"आजोबा, पापा म्हणतात वावडं आहे. मतलब, खरंच कोणी पडलं होतं?"

पडलो होतो मी; विहिरीत नव्हे, तोंडघशी.

बदली होऊन जयपुरात आलो, तेव्हा मुलगा आठ वर्षांचा होता. पहिल्याच संक्रांतीला तो गच्चीवर मांज्याची चरखी धरून उभा राहिला आणि मी पतंग उडवू लागलो. तीनदा पतंग कठड्यावरच आपटला. शेजारीण हसून म्हणाली, "साहब, पहले दफ्तर की फाइल उड़ाकर देखिए!"

माझे कान तापले. मुलाच्या हातातली चरखी मी काढून घेतली. "खाली चल. आपल्या घराला पतंगाचं वावडं आहे."

"बावड़ी?" त्याने विचारले. हिंदी शाळेतले मूल ते. वावडे त्याला ठाऊक नव्हते; बावडी तो तिथे नुकताच शिकला होता.

कारकुनांचे ऱ्हस्व-दीर्घ तपासणारा मी, तेवढी एक चूक दुरुस्त केली नाही. मुलाच्या गोष्टीत आधी विहीर आली, मग पूर्वज आला. मी ऐकत राहिलो. दर संक्रांतीला मुलगा खालच्या खोलीत, जिन्याचे दार लावून तिळगूळ खात बसे. एकदाही त्याने हट्ट केला नाही. केला असता तर बरे झाले असते.

हे सगळे मी नातीसमोर मुलाला सांगितले. तो रागावेल, अशी तयारी ठेवली होती. उत्तरेही जुळवली होती.

 नातीच्या हातातला पतंग त्याने उलटसुलट करून पाहिला.

"बाबा, याला दोरा नेमका कुठं बांधतात?"

मला अजूनही ते माहीत नव्हते.

"शेजारी विचारू," मी म्हणालो, आणि जिन्याचे दार उघडले.